नोव्हेंबरात पानांचा चिकटपणा गेला: पिंग्विक्युला आजारी आहे की विश्रांतीत?

प्रश्न: खिडकीतली बाग, पुणे

नमस्कार मंडळी,

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मी एका रोपवाटिकेतून पिंग्विक्युलाचे, म्हणजे बटरवर्ट या नावाने विकल्या जाणाऱ्या कीटकभक्षी वनस्पतीचे, एक रोप आणले. कुंडीवरच्या चिठ्ठीवर ‘वेझर’ एवढेच लिहिलेले आहे. पूर्वेच्या खिडकीत ते जुलै ते ऑक्टोबर या काळात फार छान वाढले. पाने मातीलगत चक्राकार पसरलेली, फिकट हिरवी, कडेला गुलाबी झाक असलेली आणि वरून लोणी चोळल्यासारखी चकाकणारी होती. शेजारच्या कुंड्यांच्या ओल्या मातीवर घोंघावणारी बारीक काळी चिलटे त्यांच्यावर इतकी चिकटली की त्या कुंड्यांमधला उपद्रव जवळजवळ थांबला.

दिवाळीनंतर मात्र मधोमध येणारी नवी पाने अगदी वेगळी दिसू लागली आहेत. ती बोटाच्या नखापेक्षाही लहान, जाडसर आणि टोकाकडे निमुळती असून बोट लावले तर मुळीच चिकट लागत नाहीत. बाहेरची मोठी पाने एकेक करून पिवळी पडत आहेत. कुंडी मी पहिल्यापासून पाणी भरलेल्या बशीत ठेवत आलो आहे. आता पाणी वाढवावे का, की एखादे खत द्यावे?

आणखी एक शंका आहे. कुंडी बदलताना पाहिले तेव्हा मुळे फारच थोडी आणि आखूड होती. इतक्या थोड्या मुळांवर हे झाड जगते कसे, आणि पानावर चिकटलेल्या चिलटांचे पुढे नेमके काय होते? ती नुसती चिकटून मरतात की खरोखर पचतात? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर उपकार होतील.

उत्तर: पर्णछाया, नाशिक

आपले रोप आजारी नाही. ही लहान, जाड, चिकटपणा नसलेली पाने म्हणजे या वनस्पतीची हिवाळी पाने आहेत आणि ती अगदी वेळेवर आली आहेत. पाणी वाढवू नका. उलट कुंडी आजच बशीतून बाहेर काढा, कारण या अवस्थेत ही झाडे तहानेने क्वचितच मरतात, पण ओल्या मातीत मध्यापासून कुजून मात्र हमखास जातात. खताचा तर प्रश्नच येत नाही.

असे का घडते हे समजून घेण्यासाठी या झाडाचे मूळ गाव पाहावे लागते. पिंग्विक्युला या प्रजातीत शंभराच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मेक्सिकोत आढळतात. ‘वेझर’ हा पिंग्विक्युला मोरानेन्सिस आणि पिंग्विक्युला एहलर्सी या दोन मेक्सिकन जातींचा संकर आहे. मोरानेन्सिसचे नमुने हम्बोल्ट आणि बोनप्लांड या प्रवासी निसर्गशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी मेक्सिकोतील मोरान या खाणीच्या परिसरात गोळा केले आणि कुंथ या वनस्पतीशास्त्रज्ञांनी १८१७ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ओक आणि पाइनच्या डोंगराळ जंगलांतल्या शेवाळलेल्या दरडी, झिरपत्या पाण्याचे उतार आणि चुनखडीचे कडे ही तिची घरे आहेत, आणि तिची काही भावंडे तर जिप्समच्या जवळजवळ उघड्या खडकावरही वाढतात.

त्या डोंगरांत साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस पडतो आणि पुढचे सहा-सात महिने कोरडे जातात. हे वेळापत्रक आपल्याला नवे नाही. मेक्सिको शहर साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे आणि पुणे साडेअठरा अंशांजवळ, म्हणजे दिवसाच्या लांबीतला चढउतारही दोन्हीकडे जवळपास सारखाच. म्हणूनच हे झाड पुण्यात गोंधळून जात नाही. पाऊस संपला, हवा कोरडी झाली, दिवस आखडला की ते आपणहून मांसाहारी पाने बनवणे थांबवते आणि पाणी साठवणारी छोटी पाने एकमेकांत घट्ट बसवून गुलाबाच्या आकाराचा एक गड्डा तयार करते. या गड्ड्यावर ना चिकट द्रव असतो ना पाचक रस. तो शिकार करीत नाही, फक्त टिकून राहतो.

शिकारी पान हे या झाडासाठी महागडे अवयव आहे, ही गोष्ट इथे महत्त्वाची वाटते. चिकट थेंब म्हणजे बहुतांशी पाणीच, आणि ते उघड्या हवेत सतत वाळत असल्यामुळे पुन्हा पुन्हा भरावे लागते. शिवाय पचनाच्या ग्रंथींवर इतर पानांवर असते तसे मेणचट उपत्वचेचे अखंड आवरण नसते, कारण तसे आवरण असते तर रस बाहेर येऊ शकला नसता आणि पचलेले अन्न आत जाऊ शकले नसते. म्हणजे ज्या रचनेमुळे पान कीटक पचवू शकते त्याच रचनेमुळे ते कोरड्या हवेत लवकर सुकते. पावसाळ्यात पाणीही मुबलक असते आणि कीटकही, म्हणून हा खर्च परवडतो. कोरड्या दिवसांत दोन्ही कमी होतात, म्हणून झाड तो खर्चच बंद करते.

आपण आता एवढेच करा. माध्यम, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरलेले मिश्रण, जवळजवळ कोरडे होऊ द्या आणि मधून मधून कुंडीच्या कडेने थोडेसे पाणी सोडा, गड्ड्यात मात्र पाणी साचू देऊ नका. उजेड भरपूर असू द्या. वाळलेली बाहेरची पाने अलगद सुटत असतील तरच काढा, ओढू नका.

उत्तर: जुना निरीक्षक, सातारा

पर्णछायाताईंनी ऋतुचक्र उत्तम समजावले आहे. मी वनस्पतीशास्त्र शिकवीत असे, त्यामुळे पचनाच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो. हातात दहापट मोठे दाखवणारे भिंग असेल तर पुढच्या पावसाळ्यात हे सारे आपल्यालाही पाहता येईल.

पान तिरप्या उजेडात धरले की त्यावर दोन प्रकारच्या ग्रंथी दिसतात. एका प्रकारच्या ग्रंथी बारीक देठावर उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या माथ्यावर चिकट द्रवाचा एक पारदर्शक थेंब असतो. त्या कीटकाला धरून ठेवतात. चिलट सुटण्यासाठी जितके धडपडते तितक्या आणखी ग्रंथींना त्याचे पाय आणि पंख लागतात आणि द्रवात त्याची श्वसनछिद्रे बुजतात. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी बिनदेठाच्या, पानाच्या पृष्ठभागाला टेकलेल्या आणि संख्येने अधिक असतात. पचनाचे मुख्य काम त्यांचे. शिकार मिळेपर्यंत त्या कोरड्या असतात. त्यांच्या पेशींत विकरे, म्हणजे अन्न तोडणारी एन्झाइम, आधीच तयार करून साठवलेली असतात. कीटकाच्या शरीरातील नत्रयुक्त पदार्थांचा स्पर्श झाला की ग्रंथीतून क्लोराइडचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते आणि या पाण्याच्या लोंढ्याबरोबर साठलेली विकरे पानावर येतात. भिंगातून पाहिले तर चिलटाभोवती हळूहळू एक छोटे ओलसर तळे जमलेले दिसते.

या रसात प्रथिने तोडणारी विकरे असतात, तशीच स्फुरद मोकळे करणारी आणि पेशींतील न्यूक्लिक आम्लांचे विघटन करणारीही असतात. विरघळलेले अन्न त्याच ग्रंथींमधून परत आत शोषले जाते. काही तासांतच हे शोषण सुरू होते, आणि शेवटी पानावर उरते ते फक्त कायटिनचे रिकामे कवच, कारण ते या रसाला फारसे दाद देत नाही. आपल्या पानांवर जे काळे ठिपके उरले असतील ती ही कवचेच होत. म्हणून ‘नुसती चिकटून मरतात की पचतात’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की ती खरोखर पचतात. योलांद हेस्लॉप-हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या कामातून हे बारकाईने स्पष्ट झाले. अशी ग्रंथी आपले काम साधारणपणे एकदाच करते आणि मग निकामी होते. म्हणूनच झाडाला वाढीच्या काळात सतत नवी पाने काढावी लागतात, आणि जुन्या पानांचे पिवळे पडणे हा त्या व्यवहाराचाच भाग असतो.

मोठी शिकार मिळाली की पानाच्या कडा आतल्या बाजूला वळतात. ही हालचाल इतकी संथ असते की डोळ्यांना ती चालू असताना दिसत नाही. सकाळी आणि संध्याकाळी पाहिले तरच फरक कळतो. चार्ल्स डार्विन यांनी कीटकभक्षी वनस्पतींवरील १८७५ च्या ग्रंथात पिंग्विक्युलाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. काचेचे तुकडे ठेवले तरी कडा थोड्या वळतात, पण रसाचा स्राव वाढतो तो नत्रयुक्त पदार्थ ठेवल्यावर, असे त्यांनी प्रयोग करून दाखवले. कडा वळण्याचा उपयोग काहींच्या मते शिकारीभोवती अधिक ग्रंथी आणण्यासाठी होतो, तर काहींच्या मते पाचक रस पावसाने धुऊन जाऊ नये यासाठी; मला दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतात असे वाटते. पानांवर पडलेले परागकण आणि बारीक बिया यांच्यातूनही हे झाड अन्न मिळवते, हेही डार्विन यांनीच नोंदवले होते. म्हणजे ते काटेकोर मांसाहारीसुद्धा नाही.

मुळांबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो, तो दूर व्हायला हवा. कीटक हे या झाडाचे ‘जेवण’ नव्हे, निदान ऊर्जेच्या अर्थाने नव्हे. साखर ते इतर झाडांसारखीच सूर्यप्रकाशात स्वतः तयार करते. कीटकांकडून त्याला हवे असते ते नत्र आणि स्फुरद, जे खडकावर किंवा धुऊन निघालेल्या मातीत मिळत नाही. मुळांचे काम पाणी घेणे आणि झाडाला जागेवर धरून ठेवणे एवढ्यापुरतेच बहुतेक उरते, म्हणून ती आखूड आणि मोजकी असतात. थॉमस गिव्हनिश आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या विचारानुसार वनस्पतीला मांसाहार परवडतो तो भरपूर ऊन, भरपूर पाणी आणि निकस जमीन या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तिथेच. आमच्या कास पठाराला हे वर्णन पावसाळ्यात तंतोतंत लागू पडते. जांभ्या खडकावरचा मातीचा पातळ थर सतत धुपत असतो, आणि तिथेच सीतेची आसवे नावाची निळी-जांभळी फुले ऑगस्ट-सप्टेंबरात गालिचा धरतात. ती युट्रिक्युलॅरिया म्हणजे पिंग्विक्युलाची सख्ख्या कुळातली बहीण. दोघीही लेंटिब्युलॅरिएसी कुळातल्या. फुले जवळ ठेवून पाहिली तर नाते लगेच पटते: तेच दोन ओठ, मागे तीच मधाची निमुळती शेपटी, आणि आत दोनच पुंकेसर. सापळे मात्र पूर्ण वेगळे आहेत. सीतेची आसवे ओल्या मातीत दडलेल्या सूक्ष्म पिशव्यांनी पाण्यातले जीव क्षणार्धात आत ओढून घेतात, तर पिंग्विक्युला उघड्या पानावर वाट पाहते. कासवरच दिसणारे दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, चिकट पानांमुळे पिंग्विक्युलाचे जवळचे नातलग वाटते, पण ते अगदी वेगळ्या कुळातले आहे. दोघांनी चिकट सापळा स्वतंत्रपणे घडवला.

उत्तर: बर्गनकर, नॉर्वे

मी काही वर्षांपासून नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहतो. इथे पिंग्विक्युला व्हल्गॅरिस ही जात डोंगरवाटांच्या कडेला, जिथे खडकावरून पाणी झिरपते तिथे, सहज भेटते. पिवळसर हिरव्या पानांची चांदणी जमिनीला चिकटलेली असते आणि जूनमध्ये तिच्यातून एक उंच, बारीक दांडा वर येऊन त्याच्या टोकाला एकच जांभळे फूल उमलते. फूल पानांपासून इतके दूर असल्यामुळे परागण करणारे कीटक सापळ्यात सापडण्याची शक्यता कमी होते, असे सांगितले जाते.

इथली झाडे हिवाळी पाने काढत नाहीत, ती याहून टोकाचा मार्ग पत्करतात. शरद ऋतू लागला की सगळी पाने आणि मुळेसुद्धा कुजून जातात आणि मागे उरते ती खवल्यांची एक घट्ट हिरवी कळी, वाटाण्यापेक्षाही लहान. तिच्या बुडाशी आणखी बारीक कळ्या जमलेल्या असतात. मुळे नसल्यामुळे वितळत्या बर्फाच्या पाण्याबरोबर त्या वाहत जातात आणि जिथे अडकतील तिथे वसंतात नवे झाड धरतात. या कळीला कित्येक महिन्यांची खरी थंडी लागते. म्हणून महाराष्ट्रातील मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे की युरोपातील जाती कितीही आकर्षक दिसल्या तरी मागवू नका. आपल्याकडच्या हिवाळ्यात त्यांना विश्रांती मिळत नाही आणि त्या झिजून मरतात.

इथल्या जुन्या शेतकरी घरांत या झाडाची पाने दुधात घालून तार धरणारे घट्ट दूध विरजण्याची पद्धत होती, आणि लिनियस यांनी लॅपलंडच्या वनस्पतींवर लिहिताना १७३७ मध्ये तिचा उल्लेख केला आहे. दुधाला तार येते ती मुख्यतः विशिष्ट जिवाणूंमुळे. पानाचा त्यातला वाटा नंतरच्या प्रयोगांत खात्रीने सिद्ध झालेला नाही. गाईगुरांच्या सडांवरच्या जखमांनाही ही पाने लावीत असत.

खिडकीतली बाग, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. कुंडी बशीतून काढली आहे. आता दोन गोष्टी विचारतो. या हिवाळी पानांपासून नवी रोपे करता येतात असे वाचले आहे, ते कसे करावे? आणि आपल्याकडचा एप्रिल-मे या झाडाने कसा काढावा? निरीक्षक सर, भिंग घेतले आहे. पुढच्या पावसाळ्यात पाहिलेले इथे नक्की लिहीन.

उत्तर: पर्णछाया, नाशिक

रोपे करण्यासाठी हाच काळ सर्वांत चांगला आहे. गड्डा पूर्ण भरला की बाहेरच्या रांगेतले एक पान बोटांच्या चिमटीत धरून डावी-उजवीकडे किंचित हलवत बाजूला ओढा. ते बुडापासून, पांढुरक्या टोकासकट, अखंड सुटले पाहिजे. मधेच तुटलेले पान सहसा कुजते, कारण नवे कोंब त्या पांढऱ्या टोकाशीच फुटतात. अशी पाने ओलसर माध्यमावर पालथी न घालता आडवी ठेवा, वर पारदर्शक झाकण ठेवा, उजेडात ठेवा पण उन्हात नको. काही आठवड्यांनी टोकाशी गव्हाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका दिसू लागतो आणि मग त्याचीच चिमुकली चांदणी होते. मूळ पान सुकून जाईपर्यंत ते काढू नका, कारण तोपर्यंत रोप त्याच्यावरच पोसले जाते.

माध्यमात परलाइट आणि व्हर्मिक्युलाइट (भाजून फुगवलेली हलकी खनिजे) आणि जाडसर धुतलेली वाळू मुख्य ठेवा आणि पीट (दलदलीतले अर्धवट कुजलेले शेवाळ) अगदी थोडे घाला. बागेची काळी माती, शेणखत, गांडूळखत यांतले काहीही नको. समुद्रकिनाऱ्याची वाळू आणि न धुतलेले कोकोपीट त्यांतल्या क्षारांमुळे टाळा. पाणी पावसाचे साठवलेले किंवा आरओचे वापरा. मेक्सिकन जातींना चुन्याचे वावडे नसते, त्यामुळे पाण्यात थोडा कॅल्शियम असला तरी त्या सहन करतात; बोअरच्या पाण्यातील एकूण क्षार मात्र कुंडीत साचत जातात आणि त्यांनी मुळांची टोके करपतात.

उन्हाळ्याबाबत मी जरा सावध आहे. त्यांच्या मूळ डोंगरांत दिवसा ऊन असले तरी रात्र थंड असते, आणि पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत नेमकी तीच गोष्ट मिळत नाही. म्हणून मातीची कुंडी वापरा, कारण तिच्या भिंतीतून पाणी झिरपून वाळते तेव्हा आतले माध्यम थोडे थंड राहते. पश्चिमेचे ऊन पूर्ण बंद करा आणि रात्री कुंडी मोकळ्या हवेत, फरशीलगत ठेवा. या काळात रोप हिवाळी गड्ड्याच्या रूपातच राहिले तर ते उत्तम. त्याला पाणी देऊन लवकर जागे करण्याचा मोह टाळावा, कारण चाळीस अंशांच्या कोरड्या हवेत नाजूक शिकारी पाने निघाली तर ती टिकत नाहीत. पुष्कळदा विश्रांती संपत असताना गड्ड्यातूनच फुलाचा दांडा येतो. तो येऊ द्या, त्याने झाडाचे नुकसान होत नाही.

चारा देण्याची गरज सहसा पडत नाही. झाड बंद काचेत असेल आणि कीटक पोहोचतच नसतील, तर मत्स्यालयातल्या माशांच्या सुक्या खाद्याची चिमूटभर पूड पाण्यात भिजवून एका पानावर टाचणीच्या टोकाएवढी ठेवावी. जास्त ठेवली की तिच्यावर बुरशी येते आणि पानही जाते. चिकटपणा नसलेल्या हिवाळी पानांवर काहीही ठेवू नये.

उत्तर: देवदार, देहरादून

एक भर घालतो. भारतात पिंग्विक्युला आहे, पण सह्याद्रीत नाही. पिंग्विक्युला अल्पिना ही जात उत्तराखंडापासून सिक्कीमपर्यंतच्या उंच हिमालयात, वृक्षरेषेच्या आसपास आणि तिच्याही वर, झऱ्यांच्या ओल्या काठांवर वाढते. फुले पांढरी असून त्यांच्या घशाशी पिवळे डाग असतात. आल्प्स आणि स्कँडिनेव्हियातही हीच जात आहे, आणि स्कॉटलंडमधून ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाहीशी झाली. बर्गनकरांनी सांगितल्याप्रमाणे तीही हिवाळ्यात कळीच्या रूपात जाते, मात्र तिची मुळे शाबूत राहतात. ट्रेकला येणाऱ्या मराठी मित्रांनी ती भेटली तर गुडघे टेकून भिंगातून जरूर पाहावी, पण उपटून खाली आणू नये. पठारावरच्या उष्णतेत ती वाचत नाही, आणि ज्या काठावरून ती काढली तिथे पुन्हा उगवेल याची खात्री नसते.

उत्तर: जुना निरीक्षक, सातारा

देवदार यांच्याशी पूर्ण सहमत. हीच विनंती कासच्या दवबिंदूंसाठी आणि सीतेच्या आसवांसाठीही आहे.

खिडकीतली बाग यांना शेवटची एक सूचना. पाणी पुन्हा केव्हा वाढवायचे हे कॅलेंडर पाहून ठरवू नका. वळवाचे पाऊस होऊन हवेत दमटपणा आला की गड्ड्याच्या मधोमध येणारे नवे पान आधीच्यापेक्षा लांब आणि पातळ निघेल. ते पान तिरप्या उजेडात भिंगाखाली धरा. त्यावर देठांच्या ग्रंथींचे थेंब चमकताना दिसले, की त्या दिवसापासून बशीत पाणी ठेवायला हरकत नाही.